पट्टा आणि साखळी: फिरत्या आरा गिरणीत कापण्याची पद्धत बदलताना

रुळांवर बसवलेली पट्टा करवत (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्ट्याची) आणि तशीच रुळांवर बसवलेली साखळी करवत लांबून पाहिल्यास सहज एकसारखी वाटतात. दोन्हींत ओंडका जागचा हलत नाही, इंजिन वाहणारा गाडा त्याच्यावरून ढकलत नेला जातो आणि आडवे पाते लाकडातून सपाट फळी काढत जाते. त्यामुळे पट्ट्याच्या गिरणीत न मावणारा रुंद ओंडका समोर आला, की त्याच गाड्यावर पट्ट्याऐवजी बार (साखळी जिच्या कडेने धावते ती पोलादी पट्टी) आणि साखळी बसवावी, असा विचार मनात येतो. मात्र या दोन यंत्रांत खऱ्या अर्थाने सामाईक असतात ते रूळ, गाडा आणि उंची बदलण्याची यंत्रणा. कापणारा भाग ज्या तत्त्वावर सरळ राहतो, ते तत्त्वच दोन्हींत वेगळे आहे.

लहान फिरत्या गिरणीचा पट्टा साधारण ३२ मिमी रुंद आणि जेमतेम १ मिमी जाड असतो. त्याला स्वतःचा ताठपणा जवळजवळ नसतो. तो सरळ चालतो तो दोन चाकांमधील शेकडो किलोंच्या ताणामुळे आणि कापाच्या दोन्ही बाजूंना त्याला आधार देणाऱ्या गाईड रोलरमुळे. हा ताण सोसणारी चौकट किंचित वाकली किंवा चाके एका पातळीत नसली, तर पट्टा चाकावरून उतरतो किंवा फळीवर लाटा उमटतात. साखळीचे याच्या उलट आहे: ताठपणा पोलादी बारमध्ये असतो, साखळी त्याच्या खाचेतून फक्त धावते, आणि तिला ताण लागतो तो खाचेतून निसटू नये एवढाच. म्हणून रुंद कापासाठी बारची दोन्ही टोके पक्की धरावी लागतात, पण पट्ट्याला लागते तशी जड चौकट लागत नाही.

सर्वांत मोठी गफलत होते ती वेगाच्या बाबतीत. लहान पेट्रोल इंजिन मिनिटाला कमाल ३६०० फेऱ्यांच्या आसपास चालते. पट्ट्याचे चाक ४८ सेंमी व्यासाचे असेल तर एका फेऱ्यात सुमारे दीड मीटर पट्टा पुढे सरकतो, आणि सेकंदाला २५ मीटर हा वेग मिळवायला चाकाचे मिनिटाला १००० फेरे पुरतात. म्हणजे बेल्ट आणि पुलींनी इंजिनाचा वेग साडेतीनपट कमी करावा लागतो. तीन-अष्टमांश इंच पिचच्या (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचे निम्मे) साखळीसाठी सात दातांचे चक्र वापरले, तर एका फेऱ्यात जेमतेम १३ सेंमी साखळी सरकते, आणि तिला सेकंदाला २० मीटरच्या वेगाने धावायचे असेल तर चक्र मिनिटाला ९००० फेऱ्यांनी फिरावे लागते. इथे इंजिनाचा वेग अडीचपट वाढवावा लागतो. जुन्या पुली तशाच ठेवून बार बसवणाऱ्याची साखळी म्हणूनच लाकडात रांगत राहते आणि दोष इंजिनाच्या ताकदीला दिला जातो.

अर्थात ताकदीचा प्रश्नही खोटा नाही. पट्ट्याची चीर, म्हणजे कापात भुसा होऊन जाणारी जाडी, अडीच मिमीच्या आसपास असते, तर नेहमीच्या जाड साखळीची ९ मिमीपर्यंत जाते, म्हणजे प्रत्येक कापात साडेतीनपट लाकडाचा भुसा होतो. ३० सेंमी जाडीच्या चौकोनी ओंडक्यातून २५ मिमीच्या फळ्या काढायच्या तर पट्ट्याने ११ निघतात आणि साखळीने ९. फळ्या पाडण्याच्या रोजच्या कामाला साखळी परवडत नाही ती यामुळेच. टेबलासाठी दोन-चार जाड, रुंद पाट काढायचे असतील तर हा तोटा जाणवतही नाही.

साखळीच्या निवडीतही चूक होते. झाडे पाडण्याच्या साखळीचे दात तंतू आडवे तोडण्यासाठी साधारण ३० अंशांवर घासलेले असतात, तर तंतूंच्या दिशेने चिरताना हा कोन १० अंशांच्या आसपास ठेवला की कापाचा पृष्ठभाग पुष्कळच साफ येतो. वंगणही वेगळे. पट्ट्याला डिंक चिकटू नये म्हणून साबण मिसळलेल्या पाण्याची धार पुरते; साखळीला तेल लागते, आणि बार लांब असेल तर दूरच्या टोकापर्यंत ते पोहोचत नसल्याने तिथे तेलाची वेगळी सोय करावी लागते. धार लावण्यात मात्र साखळी सरस आहे: ती जागेवरच गोल कानशीने घासता येते, पट्ट्याला मात्र दात घासण्याचे आणि ते डावी-उजवीकडे मुरडण्याचे, अशी दोन यंत्रे लागतात.

कापण्याची पद्धत बदलण्याची कारखान्यातूनच येणारी सोय प्रामुख्याने तिसऱ्याच प्रकारच्या गिरणीत आढळते. ऑस्ट्रेलियातील लुकास मिल आणि न्यूझीलंडमधील पीटरसन यांच्या गिरण्यांत एकच गोल पाते उभे-आडवे फिरवून दोन कापांत फळी सोडवतात. अशा पात्याला खोलीची मर्यादा असते, त्यामुळे रुंद पाट काढायचा असला की पाते उतरवून त्याच रुळांवर बार आणि साखळीचा जोड लावतात. हे सहज जमते, कारण गोल पात्याच्या गिरणीत मुळात ताणाची चौकटच नसते आणि इंजिनाच्या आसापुढची जागा मोकळी असते.

पट्ट्याच्या गिरणीत तीच जागा दोन चाके आणि त्यांच्या आवरणांनी भरलेली असते. तिला साखळी लावायची तर चाके, ताणाची यंत्रणा आणि गाईड काढून आसाला नवा आधार द्यावा लागतो, शिवाय तुटलेली साखळी अंगावर येणार नाही असे जाड पत्र्याचे नवे आवरणही करावे लागते. माझ्या मते एवढे सगळे बदलण्यापेक्षा रूळ तेवढे समान ठेवून साखळीचा स्वतंत्र गाडा, त्याच्या स्वतःच्या इंजिनासह, बांधणे शहाणपणाचे आहे. साखळीच्या गाड्यावर पट्टा बसवण्याचा उलटा प्रयोग तर टाळावाच, कारण त्या हलक्या सांगाड्याला पट्ट्याचा ताण मुळीच पेलणार नाही.