जीपीएस मॉड्यूलचे 10 मेगाहर्ट्झ आणि जीपीएसडीओचे 10 मेगाहर्ट्झ

यू-ब्लॉक्स कंपनीच्या स्वस्त जीपीएस मॉड्यूलची टाइमपल्स (वेळेचे पल्स देणारी) पिन 10 मेगाहर्ट्झवर सेट करता येते. मोबाइल टॉवरच्या यंत्रणेतून निघालेल्या ट्रिम्बल थंडरबोल्ट या जीपीएसडीओमधूनही, म्हणजे जीपीएसच्या वेळेवर शिस्तीत ठेवलेल्या ऑसिलेटरमधूनही, 10 मेगाहर्ट्झच मिळतात. दोन्ही उपग्रहांच्या वेळेला बांधलेले, फ्रिक्वेन्सी काउंटरवर दोन्हींचा आकडा तोच. मग जुनं धूड कशाला घ्यायचं, असं नवे हॅम (हौशी रेडिओवाले) विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र काउंटरवर दिसत नाही, एकेक आवर्तन पाहावं लागतं.

यू-ब्लॉक्सच्या निओ-7एम किंवा निओ-एम8एन मॉड्यूलच्या आत 48 मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं. त्याची एक टिक 20.83 नॅनोसेकंदांची. 10 मेगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला 100 नॅनोसेकंद, म्हणजे 4.8 टिक लागतात, आणि अर्धीमुर्धी टिक चिपकडे नसते. म्हणून ती चार आवर्तनं पाच-पाच टिकची काढते आणि पाचवं चार टिकचं. चार 104.17 नॅनोसेकंदांची, एक 83.33चं, बेरीज बरोबर 500. आपल्या पंचांगातल्या अधिक मासासारखंच हे: लांब पल्ल्यात हिशेब जुळतो, पण एकेक वर्ष लहानमोठं. स्पेक्ट्रम ॲनलायझरवर 8 आणि 12 मेगाहर्ट्झला नको असलेले सुळके उभे राहतात. 8 मेगाहर्ट्झ मागितले तर बरोबर सहा टिक बसतात आणि सिग्नल बराच सुधारतो. तरी ते 48 मेगाहर्ट्झ स्वतः काटेकोर नसतात. समजा दहा लाखांत अर्धा भाग चुकले, तर सेकंदाला 24 वेळा एखादी टिक वाढवावी किंवा गाळावी लागते.

जीपीएसडीओमध्ये सिग्नल जन्मतो तो क्वार्ट्झ स्फटिकात. हा स्फटिक छोट्या भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवलेला असतो. उपग्रहांकडून येणाऱ्या सेकंदाच्या पल्सशी त्याची तुलना होते आणि नियंत्रण व्होल्टेज अगदी सावकाश, मिनिटांच्या सरासरीने सरकवलं जातं. क्षणाक्षणाची स्थिरता स्फटिकाची, दिवसभराची अचूकता उपग्रहांची. थंडरबोल्टची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातला रिसीव्हरसुद्धा याच 10 मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे पल्स टिकला चिकटवताना होणारी चूक तिथे उरतच नाही. दिवसाच्या सरासरीत त्याची चूक साधारण लाख कोटीत एक भाग.

हा फरक हॅम वापरतात तो क्यूओ-100 उपग्रह ऐकताना उघडा पडतो. महाराष्ट्रातूनही दिसणाऱ्या या भूस्थिर उपग्रहाचा डाउनलिंक (खाली येणारा सिग्नल) 10489 मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. डिशवरच्या अनेक एलएनबींमध्ये (सिग्नल पकडून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या डब्यांमध्ये) 25 मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो आणि त्याच्या 390 पटीने 9750 मेगाहर्ट्झ तयार होतात. त्या स्फटिकाच्या जागी बाहेरून संदर्भ द्यायचा, तर त्यातला गोंगाटही सुमारे 52 डेसिबलने वाढतो. मॉड्यूलच्या एका टिकची उडी 9750 मेगाहर्ट्झवर दोनशेहून जास्त आवर्तनांची होते. अशा संदर्भावर एसएसबीचा (हॅमच्या बोलण्याच्या एका पद्धतीचा) आवाज स्वच्छ येईल ही आशाच सोडावी.

काउंटर दहा सेकंदांच्या गेटवर (मोजणीच्या कालावधीवर) जुळवून घ्यायचा असेल, तर मात्र मॉड्यूल पुरतं. त्यासाठी जास्त खर्च करू नका. आणि त्याच टाइमपल्सला चांगला ओव्हन-ऑसिलेटर (भट्टीत ठेवलेल्या स्फटिकाचा) संथ पीएलएलने, म्हणजे फेज जुळवत ठेवणाऱ्या लूपने, बांधलात, तर तुम्ही जीपीएसडीओच बनवलात. जुने रॉकवेल ज्युपिटर रिसीव्हर यासाठी हॅमना फार प्रिय होते, कारण त्यांच्यावर सेकंदाच्या पल्सबरोबर 10 किलोहर्ट्झचीही पिन असे. ऑसिलेटरचे 10 मेगाहर्ट्झ भागून 10 किलोहर्ट्झवर आणले, की तुलनेला एक एक्सॉर लॉजिक गेट आणि फिल्टर एवढ्यावर लूप बांधता येई.

जुना थंडरबोल्ट सुमारे साडेएकोणीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो म्हणून बिघडलेला समजू नका. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1024वर परत शून्य होतो आणि जुन्या फर्मवेअरला ते उमगत नाही. 30 जुलै 2017 पासून थंडरबोल्टची तारीख अशीच मागे गेली. त्याच्या 10 मेगाहर्ट्झला काही झालेलं नाही. घेताना +5, +12 आणि -12 व्होल्टचा शांत पुरवठा आणि मोकळं आकाश दिसेल अशी ॲन्टेनाची जागा, एवढं आधी पाहा.