चांदीचं नाणं आणि अळंबी
श्रावणात वारुळावर अळंबी उगवली की आमच्याकडे कोकणात एक सल्ला हमखास मिळतो: कालवणात चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. साफ खोटं. चांदी काळवंडते ती गंधकाने. उकडलेल्या अंड्यानेही चांदीचा चमचा काळा पडतो. जीवघेण्या अळंबीतलं अमाटॉक्सिन चांदीला काहीच करत नाही, आणि उकळून, तळून, वाळवूनही जात नाही.

‘किड्यांनी खाल्लीय म्हणजे चांगली’ हेही तसंच. गोगलगायी विषारी अळंबी आरामात कुरतडतात. (काकू छत्रीखालच्या अळ्या कौतुकाने दाखवतात, तेव्हा मला धडकीच भरते.) अमाटॉक्सिनवाली अळंबी खाल्ली तर उलट्या-जुलाब सुरू व्हायला बहुधा ६ ते १२ तास लागतात, मग जरा बरं वाटतं, पण आत यकृत निकामी होत असतं. शंका आली तर उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.