मुंबईची वीज आणि मुळेचा महाशीर

दख्खनचा महाशीर हा नदीतला मासा धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ गटातून ‘कमी चिंतेच्या’ गटात आला, ही बातमी २०२० मध्ये झळकली आणि त्याची पैदास करणाऱ्या टाटांच्या लोणावळ्यातल्या वळवण मत्स्यबीज केंद्राचं कौतुक झालं. ते रास्तच होतं. मात्र ही गोष्ट सुरू होते ती आपल्या मुंबईच्या विजेपासून.

या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पावसाळ्यात नदी भरली की महाशीर प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि खडी-गोट्यांच्या खळाळत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मध्ये बांध आला की ही वाट खुंटते.

आणि बांध आलेच. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीत वीज निर्माण केली. तिच्यावर मुंबईच्या कापड गिरण्या चालल्या. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्यासाठी खुद्द मुळा नदी मुळशीला अडवली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावं आणि भातखाचरं बुडाली. पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी पश्चिमेला वळलं. माणसांचंच दुःख जिथे ऐकलं गेलं नाही, तिथे माशांचं कोण ऐकणार होतं?

१९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांवरचा अभ्यास मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. वळवणला पिकलेल्या मादीची अंडी हाताने काढून, नराच्या रेतात मिसळून फलित करण्याचं तंत्र बसलं. ज्या कंपनीने नद्या अडवल्या तिनेच हे काम पन्नास वर्षं चिकाटीने चालवलं, याचं मोल मी कमी लेखत नाही. तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, देशभर गेली.

कावेरीतही गेली. आणि तिथे नको ते झालं. बाहेरून आलेला हा महाशीर फोफावला, तर कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर झपाट्याने घटला. २०१८ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी करावी लागली. सोडलेल्या बोटुकल्यांचा आकडा वाढत जाणं म्हणजे नदी सावरणं नव्हे, हे इतक्या महागात शिकायला नको होतं.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात हा हिशोब वेगळ्या रीतीने मांडला जातो. १९८८ मध्ये तिथे चार दुर्मीळ माशांसाठी कार्यक्रम सुरू झाला. पाणी वापरणारे, वीज निर्माण करणारे आणि पर्यावरणवादी एकाच टेबलाशी बसले. धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं हे माशांच्या विणीचा विचार करून ठरू लागलं, माशांसाठी बंधाऱ्यांतून वाटा काढल्या गेल्या, परके मासे हटवले जाऊ लागले. माशांची पुरेशी प्रगती होते आहे का, याचा आढावा सरकारी वन्यजीव विभाग घेतो आणि पाणी प्रकल्पांना चालू राहण्याची मोकळीक त्या प्रगतीशी बांधलेली आहे. चारांपैकी ‘हम्पबॅक चब’ २०२१ मध्ये ‘संकटग्रस्त’ वरून एक पायरी खाली, ‘धोक्यात’ या गटात आला. बाकीच्यांची वाट अजून लांब आहे.

आपल्याकडेही मोजायला हवं ते हेच: मुळा आणि इंद्रायणीत, मत्स्यबीज केंद्राच्या मदतीशिवाय, नदीतच जन्मलेली महाशीराची पिल्लं दर पावसाळ्यानंतर किती सापडतात, आणि त्या पावसाळ्यात धरणाखाली पाणी किती दिवस वाहतं राहिलं.