लांब शुंडक नसलेली अटोला: वायव्हिली की रेनॉल्डसी?

खोल समुद्राच्या व्हिडिओत गडद लाल, कडेला झालर असलेली जेलीफिश दिसली की बहुतेक जण तिला ‘अटोला वायव्हिली’ म्हणून मोकळे होतात. २०२२ मध्ये मात्र कॅलिफोर्नियातल्या माँटरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तिच्याच घराण्यातली ‘अटोला रेनॉल्डसी’ ही नवी प्रजाती जाहीर केली. तेव्हापासून जरा थांबून बघावं लागतं.

दोघींची घडण एकच. छत्रीच्या मध्यभागी चकती, तिच्याभोवती गोल खोल खाच आणि खाचेपलीकडे पाकळ्यांची झालर व शुंडकं, म्हणजे सोंडेसारखे लांबट धागे. रंगही तसाच लाल. त्या खोलीवर वरचा लाल प्रकाश पोचतच नाही, त्यामुळे लाल प्राणी तिथे काळाच ठरतो.

वायव्हिलीचं एक शुंडक बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब असतं आणि पोहताना मागे लोंबत राहतं. सायफोनोफोरसारखं (जेलीफिशच्या नात्यातला, साखळीसारखा लांब जीव) भक्ष्य अडकवायला ते कामी येतं असं मानलं जातं. रेनॉल्डसीला हे शुंडक मुळातच नाही.

एवढ्यावर निकाल लावता येत नाही, आणि मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. असे नाजूक जीव जाळ्यातून वर येईपर्यंत फाटतात, अवयव गमावतात. एका नमुन्याला लांब शुंडक नसेल, तर ते कदाचित तुटलेलं असेल. म्हणूनच २००६ मध्ये माँटरेच्या उपसागरात ही जेलीफिश पहिल्यांदा दिसली तरी नाव द्यायची घाई कुणी केली नाही. दूरनियंत्रित यानांनी पुढच्या वर्षांत टिपलेले आणि अलगद वर आणलेले नमुनेही तसेच निघाले, तेव्हा संशय बळावला.

मग शरीर बारकाईने तपासलं. रेनॉल्डसीच्या जठराचा आकार चारही हात सारखे असलेल्या क्रॉससारखा आहे. छत्रीच्या काठाकडे बारीक उंचवटे असून त्यांतल्या काहींवर काटे आहेत. शुंडकं २६ ते ३९. सापडलेल्यांपैकी सर्वांत मोठीचा व्यास १३ सेंमी आणि वावर १,०१३ ते ३,१८९ मीटर खोलीवर. जनुकीय तपासणीतही ती वेगळीच निघाली. नाव मिळालं ते माँटरे बे अ‍ॅक्वेरियमचे पहिले स्वयंसेवक जेफ रेनॉल्ड्स यांच्यावरून.

वायव्हिलीची ख्याती वेगळ्याच कारणासाठी. कुणी हल्ला केला की तिच्या छत्रीवर निळ्या प्रकाशाचं वर्तुळ फिरू लागतं. हल्लेखोरालाच खाईल असा मोठा शिकारी त्यामुळे खेचला जातो, असा तर्क आहे. समुद्रशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी त्या प्रकाशाची नक्कल करणारं आमिष बनवलं आणि २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ त्याच्यासमोर महाकाय स्क्विड कॅमेऱ्यात आला.

तेव्हा अटोला ओळखताना लांब शुंडक दिसलं, तर रेनॉल्डसी नक्की नाही. दिसलं नाही, तर जठर आणि काठाचे काटे पाहिल्याशिवाय नाव घेऊ नये.