चौदा वर्षांची जन्मठेप? तसं काही नसतं

कोल्हापूरच्या कळंबा जेलवरून जाताना कुणीतरी हमखास म्हणतंच, "खून केला तरी चौदा वर्षांत बाहेर. त्यात दिवस-रात्र वेगळे मोजतात, म्हंजे सातच!" यातलं एकही वाक्य खरं नाही. दिवस-रात्र वेगळे मोजणारा कायदा कुठंच नाही, तो विषय तिथंच मिटला.

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गांधीहत्येच्या खटल्यातले गोपाळ गोडसे "माफी (शिक्षेत मिळालेली सूट) धरून माझी शिक्षा भरली, सोडा" म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं 1961 साली ते फेटाळलं. सरकारनं शिक्षा कमी केल्याशिवाय जन्मठेप आपोआप संपत नाही, असा तो निकाल.

मग 14 आलं कुठून? 1978 साली तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 433-अ हे कलम घातलं. खुनासारख्या, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर 14 वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारनंही सोडायचं नाही. म्हणजे लोकांनी किमान अट हीच कमाल शिक्षा करून टाकली! चौदानंतर सुटकेचा फक्त विचार होऊ शकतो. महाराष्ट्रात गुन्ह्याच्या प्रकारानुसार हा आकडा बराच पुढं जातो.

कोल्हापूरकरांना गावित बहिणींचा खटला सांगायला नको. बालहत्यांबद्दल 2001 साली इथल्याच सत्र न्यायालयानं त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळं 2022 मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली आणि "आता सुटणार" अशी बोंब उठली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं: आजन्म कैद, कसलीही माफी नाही.