गायतोंडे एवढे एकटे का राहिले?

चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं नाव निघालं की दोनच गोष्टी कानावर येतात, एक म्हणजे लिलावातले कोटींचे आकडे आणि दुसरं म्हणजे माणूस विक्षिप्त होता, कुणाला भेटायचा नाही, बोलायचा नाही. मला हे विक्षिप्त वगैरे अजिबात पटत नाही. स्वभाव अंतर्मुख होता हे खरं, पण तो एकटेपणा त्यांनी चित्रांसाठी जाणूनबुजून जपला असं त्यांचं आयुष्य बघितलं की वाटतं.

जन्म १९२४ चा, नागपूरचा, घरचे मूळ गोव्याचे. लहानपण गेलं गिरगावातल्या चाळीत, म्हणजे चोवीस तास माणसांच्या गराड्यात. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १९४८ ला डिप्लोमा. सूझा, रझा, हुसेन या आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप तेव्हा गाजत होता, गायतोंडेही त्यात आले, पण गटातटात रमणं हा त्यांचा पिंडच नव्हता. पुढे ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे, तिथे चित्रकार, नाटकवाले, संगीतवाले सगळे एकाच छताखाली, आणि त्या गजबजाटात हा माणूस आपल्या कॅनव्हाससमोर. नसरीन मोहम्मदीसारखी नंतर मोठी झालेली चित्रकार तिथेच त्यांच्या संपर्कात आली, त्यामुळे माणसं नकोच होती असंही नाही.

सुरुवातीच्या चित्रांत माणसं, आकार होते, युरोपातला आधुनिक चित्रकार पॉल क्ले आणि आपली लघुचित्रं यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो. पन्नासच्या दशकाच्या शेवटी आकार गळून पडले. हे नीट लक्षात घ्या, कारण बरेच जण सगळं श्रेय अमेरिकेला आणि तिथल्या रॉथको या अमूर्त चित्रकाराला देऊन टाकतात. रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले १९६४ मध्ये, तोवर वाट सापडलेली होती! तिथे फार तर ती पक्की झाली असेल. मुळं शोधायची तर झेन, रमण महर्षी, आणि मुंबईतलेच निसर्गदत्त महाराज यांच्याकडे जावं लागतं.

त्यांची कामाची पद्धत बघितली की स्वभावाचं कोडं बरंचसं सुटतं. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचा थर लावायचा, काही ठिकाणी तो कागदाने उचलून घ्यायचा, परत थर, आणि त्याआधी कितीतरी वेळ नुसतं बसून राहायचं, विचार करत. वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास व्हायचे. इतक्या सावकाश काम करणाऱ्याला रोजच्या भेटीगाठी, ओपनिंग्ज, पार्ट्या परवडणार कशा? लग्न केलं नाही, सत्तरच्या दशकात दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमधल्या छोट्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले. १९७१ ला पद्मश्री मिळाली होती, राहणीत फरक शून्य.

१९८४ ला अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास काही वर्षं बंदच पडले. त्या काळात ते कागदावर शाईने छोटी ड्रॉइंग्ज करत राहिले. पुढे २००१ मध्ये ते गेले, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि मग किमतींचीच चर्चा जास्त झाली. मला मात्र ती शाईची ड्रॉइंग्ज मोठ्या कॅनव्हासइतकीच मोलाची वाटतात, रंग नाही, थर नाहीत, नुसती खूण आणि कागद, तरी हात त्याच माणसाचा आहे हे लगेच कळतं.