३१० न्यूटन-मीटरचा मोह

एका मित्राच्या शेडमध्ये सध्या एक अर्धवट गाडी उभी आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, चार चाके, दोन आसने आणि पुढे इंजिनाची रिकामी जागा. सुटे भाग आणून घरीच जुळवायच्या अशा गाडीला किट कार म्हणतात. लोटस कंपनीने १९५७ साली आणलेली ‘सेव्हन’ ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध गाडी, आणि तिच्या धर्तीवरच्या गाड्या लोक आजही बांधतात. मित्राने या रिकाम्या जागेसाठी अपघातात मोडलेल्या एका सेडानचे १.९ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन आणले आहे आणि मागच्या भिंतीवर खडूने ठळक आकडा लिहून ठेवला आहे : ३१०. हा त्या इंजिनाचा न्यूटन-मीटरमधला कमाल टॉर्क. शक्ती १३० अश्वशक्ती. तेवढ्याच शक्तीच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क याच्या निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून आपली गाडी दुप्पट जोराने झेपावेल, असा त्याचा हिशेब आहे. ‘अश्वशक्ती गाड्या विकते, टॉर्क शर्यती जिंकतो’ हे वाक्य मोटारींच्या गप्पांमध्ये इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. हा लेख त्या खडूच्या आकड्यासाठी आहे.

टॉर्क म्हणजे पीळ, फिरवणारा जोर. शाळेत आपण त्याला बलाचे आघूर्ण म्हणतो. पहारीने धोंडा उचकटताना आपल्या हाताचा जोर कितीतरी पट वाढतो, पण धोंडा मात्र त्याच प्रमाणात कमी सरकतो. लांब पहार घेतली म्हणून आपल्या अंगात जास्त ताकद आली असे होत नाही. गिअरबॉक्स ही नेमकी अशीच, गोल फिरणारी पहार आहे. ती टॉर्क हवा तितका वाढवू शकते, मात्र त्याच प्रमाणात फेरे कमी करते. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि हा गुणाकार कोणताही गिअर वाढवू शकत नाही. उलट घर्षणापायी थोडा खातोच. म्हणून नुसता इंजिनाचा टॉर्क सांगणे हे पहारीची लांबी न सांगता जोर सांगण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. मित्राचे इंजिन १३० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ९६ किलोवॅट, मिनिटाला ४००० फेऱ्यांना देते. त्या क्षणी त्याचा टॉर्क ३१० नसतो, तो २२९ पर्यंत उतरलेला असतो. ३१० हा आकडा १९०० फेऱ्यांचा आहे. तेवढ्याच शक्तीचे पेट्रोल इंजिन ती ६५०० फेऱ्यांना देते असे धरले, तर त्याचा टॉर्क तेव्हा १४१ न्यूटन-मीटर भरतो. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते आहे आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे, तर चाक मिनिटाला सुमारे ८८४ फेऱ्या घेते. डिझेलच्या ४००० फेऱ्या ८८४ वर आणायला एकूण ४.५२ पट गिअर लागतो, तर पेट्रोलला ७.३५ पट. आता गुणाकार करून पाहावा : २२९ गुणिले ४.५२ म्हणजे १०३५, आणि १४१ गुणिले ७.३५ म्हणजे १०३६. चाकावर पोहोचलेला टॉर्क एकच, रस्त्यावर पडणारा जोर एकच, सुमारे ३४५० न्यूटन. दुप्पट झेप कागदावरच विरते.

मग लोकांना डिझेल गाडीत पाठीला जो धक्का जाणवतो तो काय भ्रम आहे? नाही, आणि इथेच मला हा विषय खरा आवडतो. त्याच गिअरमध्ये, वेग निम्म्याच्या खाली असताना, डिझेल १९०० फेऱ्यांवर असेल आणि ३१० न्यूटन-मीटर देत असेल. म्हणजे सुमारे ८४ अश्वशक्ती. आपल्या ७.३५ च्या गिअरमधले पेट्रोल इंजिन त्याच वेगाला सुमारे ३०९० फेऱ्यांवर असेल, आणि तिथे त्याचा टॉर्क १५० च्या आसपास धरला तर शक्ती ६६ अश्वशक्ती. म्हणजे मधल्या पट्ट्यात डिझेलचे पारडे सुमारे पाव हिश्श्याने जड आहे. फायदा खरा आहे, पण तो ३१० विरुद्ध १५० एवढा नाही, ८४ विरुद्ध ६६ एवढाच आहे. शिवाय पेट्रोलचा चालक एक गिअर खाली टाकून तोही पुष्कळसा भरून काढू शकतो.

मधल्या पट्ट्यातला हा जोर डिझेल या इंधनाच्या अंगच्या गुणाने येतो, हा दुसरा गैरसमज. फोक्सवॅगनचे याच १.९ लिटर आकाराचे, पण टर्बो नसलेले डिझेल इंजिन जेमतेम १२५ ते १३५ न्यूटन-मीटर देत असे, पेट्रोलपेक्षाही कमी. करामत टर्बोची आहे. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंवर एक टर्बाइन फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा कम्प्रेसर आत येणारी हवा दाबतो आणि सिलिंडरमध्ये दुपटीच्या आसपास हवा कोंबली जाते. जितकी हवा तितके इंधन जाळता येते. ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच पेटंट केली होती. पेट्रोल इंजिनात हवा फार दाबली की मिश्रण अवेळी पेट घेते आणि इंजिन ठोकू लागते. डिझेलमध्ये आधी केवळ हवाच दाबली जाते, इंधन ऐन वेळी फवारले जाते, त्यामुळे ही भीती नाही. मात्र फवारलेले थेंब बाष्प होऊन हवेत मिसळायला आणि जळायला वेळ लागतो, म्हणून हे इंजिन फार वेगाने फिरूही शकत नाही. कमी फेऱ्या आणि जास्त टॉर्क ही एकाच स्वभावाची दोन अंगे आहेत.

त्या दाबाची किंमत वजनात मोजावी लागते. जळणाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब १५० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट गेला, तर सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर साडेसात टनांचा भार येतो, आणि तो सोसायला बिडाचा ब्लॉक व जाड क्रँकशाफ्ट लागतो. साडेसहाशे किलोच्या गाडीच्या नाकावर असे पन्नास-साठ किलो जास्तीचे आले की ती वळणावर सरळ जाऊ पाहते. शिवाय टर्बोतून निघालेली हवा सव्वाशे अंशांच्या वर तापलेली असू शकते; ती इंटरकूलरमध्ये थंड केली नाही तर विरळच राहते आणि कोंबण्याचा निम्मा उपयोग वाया जातो. सेव्हनच्या धर्तीवरच्या या गाडीच्या अरुंद नाकात रेडिएटर आणि इंटरकूलर असे दोघे बसवायचे, हे काम मित्राला इंजिनापेक्षा अवघड गेले. इंजिन उंच असल्याने बॉनेट कुठे टेकते हे पाहायला त्याने इंजिनाच्या माथ्यावर खेळण्यातल्या मातीचे गोळे ठेवून बॉनेट अलगद लावले आणि काढले. सर्वांत चपटा झालेला गोळा दोन मिलिमीटर जाडीचा होता.

या इंजिनासोबत विकणाऱ्याने त्याला इंधनाच्या नळीवर बांधायचे दोन चुंबकही ‘मायलेज वाढेल’ म्हणून भेट दिले आहेत. डिझेलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा कसलाही उपयोगी परिणाम होत नाही. पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनाला पाजणारी उपकरणेही याच पंक्तीतली, कारण पाणी फोडायची वीज त्याच इंजिनाच्या अल्टरनेटरमधून येते. चुंबक आता शेडमध्ये खाली पडलेले स्क्रू गोळा करायला वापरले जातात आणि त्या कामी ते उत्तम आहेत.

इंजिनाचा टॉर्क जिथे जशाच्या तसा मोजावा लागतो ती जागा म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधल्या ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या दातेरी चाकावर ३१० न्यूटन-मीटर पडले की दातांवर दहा हजार न्यूटनांहून अधिक, म्हणजे सुमारे एक टनाचा रेटा येतो. छोट्या पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स याच्या निम्म्या रेट्यासाठी बनवलेला असतो. म्हणून गिअरबॉक्स मोठ्या गाडीचा घ्यावा लागतो, आणि त्याचे बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडले जाणारे घंटेच्या आकाराचे कवच, या इंजिनाला जुळत नसल्याने मध्ये अडॅप्टर प्लेट घडवावी लागते. प्लेटच्या मध्याची चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागात असली तरी क्लचवर आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर त्याचा राग निघतो.

त्याहूनही आधी डिफरन्शियल, म्हणजे गिअरबॉक्सनंतर फेरे आणखी कमी करून चाकांना वाटून देणारी जोडणी, बदलावे लागते. मित्राकडचे जुने ३.९२ चे, म्हणजे फेरे तितक्या पटीने कमी करणारे होते. त्यामुळे सरळ जोडणीच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे तसेच पुढे देणाऱ्या, चौथ्या गिअरमध्ये ४००० फेऱ्यांना गाडी ताशी ११५ किलोमीटरवरच थांबली असती आणि प्रत्येक गिअर हातात येईपर्यंत संपला असता. ३.०७ चे लावले तर तोच गिअर १४७ पर्यंत पुरतो. मागच्या आठवड्यात तो नवा क्राउन आणि पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मोठे आणि छोटे दातेरी चाक, घेऊन आला, कापडाने ग्रीस पुसून आम्ही दोघांनी दात मोजले : ४३ आणि १४, भागाकार ३.०७. मग त्याने भिंतीवरचा ३१० पुसला नाही, पण त्याच्या खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात हे दोन आकडे लिहिले.